स्त्रीवादी समीक्षा आणि पुरुष

स्त्रीवादी समीक्षा आणि पुरुष : साहित्य, कला आणि लोकव्यवहार ह्यांच्या घडणीत स्त्रीपुरुषभेदाचा वाटा कोणता, ह्याचा शोध घेणाऱ्या समीक्षेशी पुरुष लेखक, संपादक, संशोधक आणि वाचक ह्यांचा आलेला संबंध. ही समीक्षा मूलतः स्त्रियांच्या अनुभवातून आणि चळवळीतून उभी राहिली. त्यामुळे पुरुषाला तीत स्थान आहे काय, असल्यास कोणत्या नात्याने, हा प्रश्न तिच्याबरोबरच जन्मास आला. मराठीपुरते बोलायचे तर हा प्रश्न पाश्चात्त्य चर्चेतून उसना घेतलेला नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांत तो वादविषय होण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे तो बुलढाणा व पुणे येथील लेखनात उपस्थित झालेला होता.

मराठीतील ह्या संबंधाची दोन रूपे वेगळी करून पाहणे आवश्यक आहे. एक कैवाराचे व दुसरे चिकित्सेचे. स्त्रीने लिहिलेले प्रकाशात आणणे, त्याला प्रस्तावना जोडणे, त्याच्यावरील आक्षेपांना उत्तर देणे हे कैवाराचे काम होय. पुरुषांनी लिहिलेल्या आणि पुरुषांनीच थोर ठरविलेल्या वाङ्मयात स्त्रीचे व पुरुषाचे कोणते चित्र गृहीत धरले आहे, हे पुरुषाने स्वतः तपासणे हे चिकित्सेचे काम होय. पहिले काम मराठीत विपुल झाले आणि त्याचे ऋण मोठे आहे. दुसरे तुरळक झाले. परंतु स्त्रीवादी समीक्षेला पुरुषांकडून खरी भर पडली ती बहुधा ह्या दुसऱ्या वाटेनेच.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : जॉन स्ट्यूअर्ट मिल ह्याच्या स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथाने (१८६९) पुरुषाच्या लेखणीतून स्त्रीमुक्तीचा युक्तिवाद मांडण्याचा पायंडा पाडला, पण तो राज्यशास्त्राचा ग्रंथ होता, वाङ्मयाचा नव्हे. केट मिलेट हिच्या ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ने (१९७०) लॉरेन्स, हेन्‍री मिलर, नॉर्मन मेलर ह्यांसारख्या नामवंतांच्या लेखनातील सत्तासंबंध उघड केले, तर जूडिथ फेटर्ली हिने (१९७८) वाचनाचाच प्रश्न पुढे आणला. पुरुषाचा अनुभव हाच मानवी अनुभव म्हणून समोर ठेवणाऱ्या कथा-कादंबऱ्या वाचताना स्त्रीलाही नकळत पुरुषाच्या जागी उभे राहून स्वतःविरुद्ध वाचावे लागते, असे तिने दाखविले. ह्याच सुमारास पुरुष समीक्षकही ह्या पद्धतीचा अवलंब करू लागले. जोनाथन कलर आणि टेरी ईगल्टन ह्यांची ह्या दृष्टीने लिहिलेली पुस्तके एकाच वर्षी (१९८२) प्रसिद्ध झाली. त्यांचा परामर्श घेताना ईलेन शोवॉल्टर हिने (१९८३) एक मार्मिक शंका काढली. स्त्रीचा पोशाख करून नोकरी मिळविणारा आणि स्त्रियांहून अधिक चांगली स्त्री ठरणारा नट त्या वेळी एका गाजलेल्या अमेरिकन चित्रपटात दिसला होता. समीक्षेतही असेच वेषांतर चालले आहे काय, असा तिचा प्रश्न होता. कलर हा ‘स्त्री म्हणून वाचणे’ म्हणजे काय ह्याचे विवेचन करतो व त्यात पुरुष म्हणून वाचणे हेही एक घडविलेले वाचन आहे हे लक्षात घेतो, म्हणून तिने त्याला बरेच गुण दिले. ईगल्टनबाबत ती साशंक राहिली. पुढे ॲलिस जार्डिन व पॉल स्मिथ ह्यांनी संपादिलेल्या ‘मेन इन फेमिनिझम’ (१९८७) ह्या लेखसंग्रहात स्टीफन हीथ ह्याने पुरुषाचे स्त्रीवादाशी नाते अशक्यप्राय असल्याचे सांगून, ती अडचण टाळण्याऐवजी तिच्यापासूनच आरंभ करावा असे सुचविले. आर्. डब्ल्यू. कॉनेलच्या ग्रंथानंतर (१९९५) पुरुषपण हाच अभ्यासविषय म्हणून स्थिर झाला.

वेषांतराची मराठी परंपरा : शोवॉल्टरचा दृष्टांत मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, कारण पुरुषाने स्त्री होणे हा येथील रंगभूमीचा जुना व्यवहार आहे आणि ‘स्त्रीपार्ट’ हा त्यासाठी रूढ शब्दही आहे. प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे नागरा हे गाव गोंदियाजवळ आहे. ते ज्या झाडीपट्टीत मोडते, तो भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील प्रदेश दंडारीचा होय. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर दंडार किंवा खडी गंमत चालते. परंपरेने ह्या प्रकारांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी ह्या कलाप्रकारांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तथापि दंडारीविषयीची चर्चा बहुधा प्रयोगरूप, बोली आणि संगीत ह्यांच्या अंगाने होते. पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या खेळात लुगडे नेसलेला पुरुष ज्या स्त्रीला रंगवतो, ती समोर बसलेल्या बायकांपैकी कोणाशी जुळते आणि कोणाच्या मनातील असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रेक्षकांतील स्त्रियांना हसविण्यासाठी जे सांगितले जाते ते पुष्कळदा त्यांच्याविषयीच असते, एवढे कोणत्याही मंडईत बसलेल्याला कळते.

नागर रंगभूमीवर हाच व्यवहार कलेच्या अत्युच्च कोटीला पोहोचला तो बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) रूपाने. त्यांची वेशभूषा, केशभूषा व चालणे ह्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केल्याचे कौतुकाने सांगितले जाते. स्त्रीत्व हे जन्मजात नसून शिकून, घडवून आणलेले असते, ह्या सिद्धांताला ह्याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. ‘एकच प्याला’ (१९१९) ह्या नाटकातील सिंधू घ्यावी. राम गणेश गडकऱ्यांनी ती लिहिली, बालगंधर्वांनी ठिगळाचे लुगडे नेसून ती उभी केली, आणि पुरुष समीक्षकांनी तिला पातिव्रत्याचा आदर्श म्हणून गौरविले. लेखक, नट आणि रसिक हे तिन्ही पुरुष असताना सिद्ध झालेले हे चित्र दीर्घकाळ ‘भारतीय स्त्रीचे’ चित्र म्हणून वाचले गेले. दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून त्याची जेवढी चर्चा झाली, त्या मानाने सिंधूचे मुकाट सोसणे नाटकाला का हवे असते, ह्याची झाली नाही. नवऱ्याला दोष न देता मरणारी स्त्रीच प्रेक्षकांच्या अश्रूंना पात्र ठरते. दोष देणारी ठरली नसती. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्यामुळे वेष बदलला. त्यांच्या तोंडची वाक्ये कोणी लिहिली, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

ताराबाई शिंदे आणि जोतीराव फुले : मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा आरंभ ताराबाई शिंदे (सु. १८५०–सु. १९१०) ह्यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) ह्या निबंधापासून धरावा लागतो. वऱ्हाडात बुलढाणे येथे राहणाऱ्या ताराबाईंनी तो लिहिला, त्याला निमित्त घडले सुरत येथील खटल्याचे. एका तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्यावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीची निंदा सुरू झाली. ताराबाईंचे उत्तर सामाजिक स्वरूपाचे आहेच. परंतु त्याचा एक भाग निखळ वाङ्मयसमीक्षेचा आहे, ह्याकडे पुष्कळ दिवस दुर्लक्ष झाले. पुराणांतील कथा, ‘स्त्रीचरित्रा’सारखी चोपडी, ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ ह्यांसारख्या तत्कालीन लोकप्रिय कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक अशा लेखनाचा त्या समाचार घेतात. ह्या ग्रंथांतील स्त्रिया जगात कोठे भेटतात आणि त्यांच्या अंगी चिकटविलेले दुर्गुण प्रत्यक्षात कोणाच्या अंगी अधिक आढळतात, असा त्यांचा रोख आहे. पुरुषांनी निर्माण केलेल्या स्त्रीप्रतिमांची प्रत्यक्षाशी ताडणी करण्याची हीच पद्धत पुढे पाश्चात्त्य स्त्रीवादी समीक्षेची पहिली पायरी ठरली.

ह्या पुस्तकाची टवाळी झाली. त्या वेळी तिच्या बाजूने उभे राहिले ते महात्मा जोतीराव फुले. ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात (१८८५) त्यांनी ताराबाईंची पाठराखण केली, पहिल्या अंकात त्यांनी पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या संदर्भात लेखन केले होते. ही नुसती पाठराखण असती, तर कैवाराचे एक उदात्त उदाहरण म्हणून तिची नोंद झाली असती. फुल्यांचे वैशिष्ट्य असे, की ताराबाईंच्या आरोपाचा रोख ते पुरुषांकडेच राहू देतात. बहुपत्नीकत्वाचा विचार करताना, हाच अधिकार स्त्रीने घेतला तर पुरुषाला ते चालेल काय, अशी उलटतपासणी ते करतात आणि धर्मग्रंथ कोणी व कोणाच्या सोयीने लिहिले ह्या, शूद्रांच्या संदर्भात आपण विचारलेल्या प्रश्नाला स्त्रियांच्या संदर्भातही तेवढीच धार देतात. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (१८९१) स्त्री व पुरुष ह्यांचा उल्लेख जाणीवपूर्वक वेगवेगळा येतो. केवळ ‘मनुष्य’ म्हटल्याने स्त्रीचा समावेश होतो, हे त्यांनी गृहीत धरले नाही. स्त्रीच्या ग्रंथाने एका पुरुष विचारवंताच्या स्वतःच्या भाषेवर केलेला परिणाम म्हणून हा तपशील महत्त्वाचा आहे, आणि जेथे तो परिणाम आधीपासूनचा असेल तेथे दोघांच्या विचारांचा मेळ म्हणूनही.

समकालीन सुधारकांशी तुलना केली असता हे वेगळेपण स्पष्ट होते. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) ह्यांनी ‘सुधारका’तून बालविवाह, केशवपन आणि स्त्रीशिक्षण ह्यांविषयी निर्भीड लेखन केले. परंतु काव्य आणि नाटक ह्यांची चर्चा करताना ते सौंदर्य, विकार आणि रस ह्यांचा विचार करतात. सामाजिक निबंधांतला आगरकर तेथे फारसा डोकावत नाही. समाजसुधारणा एका खणात आणि वाङ्मय दुसऱ्या खणात ही विभागणी मराठी समीक्षेने पुढे शंभर वर्षे जपली. ताराबाईंचे पुस्तकही तिच्यामुळेच समीक्षेच्या इतिहासातून गळले असावे.

विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे ह्यांनी शोधून १९७५ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, पुन्हा प्रसिद्ध केला. विलास खोले ह्यांनी पुढे त्याची अभ्यासपूर्ण आवृत्ती सिद्ध केली (१९९७) आणि दरम्यान रोझॅलिंड ओहॅन्लन ह्यांच्या इंग्रजी अनुवादाने (१९९४) तो जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेला. मराठीतील आद्य स्त्रीवादी ग्रंथाचे पुनरुज्जीवन दोन पुरुष संशोधकांच्या हातून व्हावे, ही गोष्ट त्यांच्या संशोधनवृत्तीला भूषणावह आहे. ग्रंथालये, दप्तरे आणि विद्यापीठीय सवड ही साधने तोपर्यंत कोणाच्या हाती होती, हेही तीतून कळते.

प्रस्तावनाकार, संपादक आणि प्रकाशक : हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ (१८९०–९३) ही कादंबरी यमू ह्या विधवेच्या आत्मकथनाच्या रूपात आहे. पुरुषाने स्त्रीच्या तोंडून बोलण्याचा हा मराठी कादंबरीतील सर्वांत समर्थ प्रयोग. यमूच्या भाषेतील घरगुती अचूकता आजही थक्क करते. तथापि हे आत्मकथन वाचून हळहळणारा समाज काशीबाई कानिटकरांसारख्या (१८६१–१९४८) खऱ्या लेखिकेकडे मात्र बराच काळ हरिभाऊंच्या स्नेही म्हणूनच पाहत राहिला. उसन्या आवाजाला जी मान्यता मिळाली ती मूळ आवाजाला उशिरा मिळाली, हे वाङ्मयेतिहासाने नोंदवावयास हवे.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ ह्या संग्रहात खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. त्यांचे विवेचन वात्सल्य, त्याग आणि माहेरची ओढ ह्यांभोवती फिरते. जात्याशी बसलेल्या बाईचा संताप व उपहास त्यांच्या मृदू दृष्टीतून काहीसा निसटतो. कमलाबाई देशपांडे ह्यांनी स्त्रीगीतांवरील आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ (१९४८) असे नाव दिले. वेदांसाठी राखून ठेवलेला शब्द पुरुषाने न रचलेल्या गीतांना लावून त्यांनी एका शब्दात जे साधले, ते साधण्यास अन्यथा एक प्रकरण लागले असते. पुढे हेमा राईरकर व गी प्वातव्हॅं ह्यांनी जात्यावरच्या ओव्यांचे लाखाहून अधिक संख्येचे संकलन उभे केले. गाणाऱ्या स्त्रियांच्या समूहांबरोबर बसून अर्थ लावण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे संकलक पुरुषाची भूमिका अर्थ सांगणाऱ्याकडून अर्थ ऐकणाऱ्याकडे सरकली. ह्या बदलाचे मोल संकलनाच्या आकड्यापेक्षा अधिक आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांची कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव आणि आचार्य अत्रे ह्यांच्या प्रयत्नांनी प्रसिद्ध झाली. अत्र्यांच्या प्रस्तावनेने तिला महाराष्ट्रभर पोहोचविले. परंतु निरक्षर, शेतकरी, निसर्गदत्त प्रतिभेची माउली ही जी प्रतिमा त्या वेळी घडली, तिने पुढच्या वाचनाची चाकोरीही आखून दिली. विधवा स्त्रीने एकटीने ओढलेला संसार आणि शेतीचे श्रम हा त्या कवितेचा आर्थिक पाया पाठ्यपुस्तकांतून फारसा दिसत नाही. तत्त्वज्ञान तेवढे दिसते. कैवाराची मर्यादा ती हीच. कैवारी हा ज्या स्वरूपात स्त्रीला पुढे आणतो, त्या स्वरूपात ती पुढे दीर्घकाळ राहते.

‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) ह्या ‘विभावरी शिरूरकर’ नावाने प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहाने माजलेला गदारोळ सर्वश्रुत आहे. प्रौढ, सुशिक्षित, अविवाहित स्त्रीच्या मनातील घुसमट तीत आली होती. चर्चा मात्र ती घुसमट खरी की खोटी ह्यापेक्षा टोपणनावामागची व्यक्ती कोण, ह्याचीच अधिक झाली. प्रकाशक ह. वि. मोटे ह्यांनी ते नाव राखले आणि पुढचे ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) हे पुस्तकही काढले. पुरुष सहकाऱ्याने मौन पाळणे हाही एक सहभाग ठरू शकतो, ह्याचे हे उदाहरण. लेखिका मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) होत्या. ‘स्त्री’ मासिक (स्था. १९३०) हेही किर्लोस्करांचे, म्हणजे पुरुषांनी चालविलेले व्यासपीठ होते. त्याच्या संपादनात अनुभव घेतलेल्या विद्या बाळ ह्यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले तेव्हा अशा व्यासपीठाची मालकीही स्त्रीकडे आली.

संस्कृतिचिकित्सा : वाङ्मयापेक्षा संस्कृतीच्या मीमांसेत पुरुषांचे काम अधिक धीट आहे. र. धों. कर्वे ह्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) ह्या मासिकातून स्त्रीच्या कामसुखाचा अधिकार उघडपणे मांडला आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात (१९१६) सतीप्रथा, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ह्यांचा अर्थ निराळ्या रीतीने लावला. जातीबाहेर विवाह होऊ नये म्हणून स्त्रीपुरुषांची संख्या समतोल ठेवण्याचे हे उपाय होत, म्हणजेच स्त्रीवरील नियंत्रण हे जातीचे प्रवेशद्वार आहे, अशी ही मांडणी आहे. स्त्रियांच्या रूढी कितीही करुण वाटल्या, तरी करुणेच्या पलीकडे जाऊन त्यांचे कार्य कोणते हे पाहण्याची ही पद्धत खऱ्या अर्थाने चिकित्सेची होय. १९५१ मध्ये त्यांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिले, आणि त्याच वर्षी हिंदू संहिता विधेयक रखडल्याच्या कारणासह मंत्रिपद सोडले. स्त्रीवादी अभ्यासाने ह्या लेखनाकडे वळण्यास मात्र फार वेळ घेतला. शर्मिला रेगे ह्यांच्या संपादित ग्रंथाने (२०१३) ते ब्राह्मणी पितृसत्तेच्या मीमांसेचे मूळ साहित्य म्हणून प्रस्थापित केले.

रा. चिं. ढेरे ह्यांच्या ‘लज्जागौरी’ने (१९७८) योनिरूप, प्रसवोन्मुख मातृदेवतेची उपासना अश्लीलतेच्या कलंकातून सोडवून भूमी आणि सुफलन ह्यांच्या संदर्भात वाचली. शरद पाटील (१९२५–२०१४) ह्यांनी ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ (१९८२) ह्या ग्रंथात प्राचीन स्त्रीसत्तेचा माग काढला आणि वर्ग, जात व स्त्रीदास्य ह्या तिहींचा एकत्र विचार केल्याखेरीज इतिहास उलगडत नाही असे प्रतिपादन केले. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) हे त्याच विचाराचे वाङ्मयीन अंग. दोघांचीही झेप मोठी आहे. परंतु प्राचीन देवी किंवा प्राचीन गणराज्ञी ह्यांचे तेज वर्तमान स्त्रीच्या श्रमांवर व शरीरावर प्रकाश पाडतेच असे नाही. गतकाळातील सत्ता तिला बहाल करणे पुरुष अभ्यासकाला तुलनेने सोपे जाते, कारण त्यात आजचे काहीच सोडावे लागत नाही.

दलित स्त्री आणि बोलण्याचा अधिकार : १९९५ मध्ये गोपाळ गुरू ह्यांनी दलित स्त्रिया वेगळे का बोलतात, ह्याचे विवेचन करणारा इंग्रजी लेख लिहिला. उच्चवर्णीय स्त्रियांचे नेतृत्व आणि दलित पुरुषांचे वर्चस्व ह्या दोहोंपासून त्यांचे बोलणे वेगळे का होते, हे सांगताना, दलित पुरुष लेखक दलित स्त्रियांच्या साहित्याची पुरेशी गांभीर्याने दखल घेत नाहीत, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले. स्वतःच्याच चळवळीतील पुरुषांकडे बोट दाखविणारे हे लेखन होते, म्हणून त्याला वजन आले. त्याला कोरडे तत्त्व म्हणून नव्हे, तर समोर असलेल्या ग्रंथांचा आधार होता : बेबी कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) ही पुस्तके तोवर प्रसिद्ध झाली होती. शर्मिला रेगे ह्यांनी १९९८ मध्ये गुरूंच्या मांडणीचा गौरव करूनही एक दुरुस्ती सुचविली. वेगळेपणाचा अधिकार केवळ जन्मावर बसविला, तर इतरांना त्या प्रश्नापासून हात झटकण्याची सोय होते. दलित स्त्रीवादी भूमिका ही अभ्यासाने व संघर्षातील सहभागाने घ्यावयाची भूमिका आहे आणि ती घेताना घेणाऱ्याला स्वतः बदलावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद स्त्रियांमधील जातिभेदासंबंधी असला, तरी पुरुषाच्या प्रश्नाला मराठी मुलुखातून मिळालेले सर्वांत समर्पक उत्तर त्यात आहे. हीथला जो संबंध अशक्यप्राय वाटला, तो येथे कष्टसाध्य ठरतो.

न्यायनिर्णयाचे वाचन : स्त्रीवादी समीक्षा कथा-कवितेपुरती मर्यादित नाही; निकालपत्र हीही एक संहिताच असते. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे केंद्र असलेल्या देसाईगंज (वडसा) येथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हे गाव त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होते. उच्च न्यायालयाने ठरविलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केलेला दिसत नाही, त्यावरून तिची संमती मानावी असा तो निकाल होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार ह्या चार विधिज्ञांनी, म्हणजे दोन पुरुष व दोन स्त्रिया ह्यांनी, सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्या पत्राची रीत समीक्षकाची आहे. निकालातील शब्द एकेक घेऊन शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा भेद ते उलगडते आणि पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड गरीब मुलगी कितपत ओरडू शकते, हे न्यायाधीशांच्या गृहीतकांपुढे ठेवते. पत्रात कोणता मजकूर पुरुषांचा आणि कोणता स्त्रियांचा, हे वेगळे काढता येत नाही. १९८० पासून देशभर झालेल्या आंदोलनाला ह्या वाचनाने चालना दिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. आरोपींच्या नावे नोंदलेला हा खटला लोकांच्या तोंडी मात्र त्या मुलीच्याच नावाने राहिला. भाषेची ही सवयही तपासण्याजोगी आहे.

पुरुषी लेखनाची चिकित्सा : मराठी समीक्षेच्या शब्दकोशातच हा भेद मुरलेला आहे. भाषा ‘पौरुषयुक्त’ असली की ओजस्वी ठरते, ‘बायकी’ असली की दुबळी. लेखिकेचे लेखन ‘हळुवार’ आणि ‘कौटुंबिक’ असते. लेखकाचे तसेच लेखन ‘मानवी’ असते. मराठी क्रियापदाला लिंग असल्यामुळे समीक्षेतला ‘वाचक’ सदैव ‘तो’ राहतो आणि ‘माणूस’ म्हणजे पुरुष हे न सांगता समजले जाते. स्त्रीसाठी ‘बाईमाणूस’ असा जोडशब्द करावा लागतो. साठोत्तरी समीक्षेने ‘माणसाच्या’ एकटेपणाची जी चर्चा केली, ती बहुतांशी ह्या अघोषित पुरुषाची होती. भालचंद्र नेमाडे ह्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) विचार अस्तित्ववाद, भाषा आणि ग्रामीण–नागर संघर्ष ह्या अंगांनी भरपूर झाला. पांडुरंग सांगवीकरच्या बहिणीचा, मनीचा मृत्यू हा कादंबरीचा मर्मभाग असल्याचे सर्वांनाच मान्य आहे. परंतु घरातील पुरुषसत्तेविरुद्ध पांडुरंगचा राग तेथे सर्वाधिक पेटतो आणि तरीही घरातील स्त्रिया त्याच्या कथनात दुरूनच दिसतात, हे दोन्ही एकत्र वाचले, तर कादंबरी उणी होत नाही. उलट तिच्या नायकाच्या तुटलेपणाला एक ठोस कारण सापडते. अशा वाचनाने थोर कलाकृतींची अवहेलना होते, ही पुरुष समीक्षकांची भीती निराधार आहे.

नामदेव ढसाळ ह्यांच्या ‘गोलपीठा’ने (१९७२) वेश्यावस्तीचे जग मराठी कवितेत आणले व मल्लिका अमरशेख ह्यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) ह्या आत्मकथनाने त्याच बंडखोर कवीच्या घरातील चित्र समोर ठेवले. पुरुष समीक्षकांपैकी अनेकांनी ही दोन पुस्तके दोन वेगळ्या कपाटांत ठेवली : एक कवितेच्या, दुसरे खाजगी आयुष्याच्या. दुसरे पुस्तक पहिल्याचे खंडन करीत नाही. पण क्रांतीच्या कल्पनेत घर का मोजले गेले नाही, असा प्रश्न ते करते, आणि तो वाङ्मयीनच आहे.

ह्या दिशेने अनुभवाच्या पातळीवर काही प्रयत्न झाले. मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या, स्त्रियांवरील हिंसेला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या ‘मावा’ ह्या संस्थेने १९९६ पासून ‘पुरुषस्पंदनं’ हा दिवाळी अंक काढला. पुण्यातील ‘पुरुष उवाच’ गटानेही अशाच अंकांतून पुरुषांना स्वतःविषयी लिहिते केले. बापपण, मैत्री, रडू, कामजीवन हे विषय पुरुषांच्या लेखनात कबुलीच्या स्वरात तेथे आले. समीक्षा म्हणून ते लेखन काहीसे भाबडे आहे आणि पुष्कळदा आपल्या चांगुलपणावर लवकर समाधान मानते. विद्यापीठांत अश्विनी धोंगडे ह्यांच्या ‘स्त्रीवादी समीक्षा : स्वरूप आणि उपयोजन’ (१९९३) ह्या ग्रंथानंतर ही पद्धत अभ्यासक्रमात स्थिरावली. तिचा अवलंब करणारे पुरुष संशोधक तेव्हापासून बहुधा लेखिकांवरच प्रबंध लिहीत आले. गडकरी, खांडेकर, फडके किंवा नेमाडे ह्यांच्या नायकांकडे त्यांतले थोडेच वळले.

झाडीपट्टीच्या रंगमंचावर आता स्त्रीभूमिका स्त्रिया करतात. भाऊबिजेपासून सुरू होणाऱ्या हंगामात ह्या अभिनेत्री एका गावचा प्रयोग पहाटे संपवून दुसऱ्या गावी जातात. त्या नाटकांचे लेखक बहुतेक पुरुष असून सोशिक सून, लबाड सावत्र आई व संशयाने हाकललेली पत्नी ही पात्रे तेथे वारंवार येतात. दर वर्षी हजारो स्त्रियांसमोर होणाऱ्या ह्या संहिता ताराबाईंनी ‘मुक्तामाला’ वाचली त्या नजरेने वाचण्यास, वऱ्हाडाच्या शेजारच्या ह्या मुलुखातील पुरुष अभ्यासकांना भरपूर वाव आहे.